हिरा नेमका कुणाचा?

मैत्रिणीसोबत साखरपुड्याची अंगठी घ्यायला गेले होते. दुकानातले काका म्हणाले, "ताई, सर्टिफिकेट आहे, काळजी करू नका." त्यावर वजन होतं, रंग होता. हिरा कुठल्या जमिनीतून आला, तेवढं नव्हतं. मला एकदम सिएरा लिओन आठवलं.

तिथे १९३० मध्ये हिरे सापडले. १९९१ मध्ये यादवी पेटली, ती ११ वर्षं चालली. बंडखोरांनी कोनोचा हिऱ्यांचा पट्टा बळकावला. लायबेरियामार्गे हिरे बाहेर जायचे, बंदुका आत यायच्या. सामान्य माणसांचे हात तोडले गेले.

जमिनीतली संपत्ती हा शापच, असं म्हणून मी मोकळी झाले असते. पण बोत्स्वाना तसं म्हणू देत नाही. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले, तेही राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा ज्या बामांग्वाटो जमातीच्या राजघराण्यातले, तिच्याच मुलखात. 'हे आमचं' म्हणणं किती सोपं होतं! पण त्याच वर्षी कायदा झाला आणि खनिजांवरचा हक्क जमातींकडून देशाकडे गेला. तिथे आजवर यादवी झालेली नाही.

म्हणजे एकीकडे चांगली माणसं आणि दुसरीकडे वाईट? इतकं सरळ नाही. सिएरा लिओनचे बरेचसे हिरे नदीकाठच्या वाळू-खडीत विखुरलेले आहेत. फावडं आणि चाळणी असली की कुणीही काढावेत, आणि बंदूकवाल्याने हिसकावून न्यावेत. ओरापाचे हिरे मात्र खडकात आहेत. मोठ्या यंत्रांशिवाय ते निघत नाहीत आणि खाणीला कुंपण घालता येतं. मग बोत्स्वानाच्या शांततेचं श्रेय माणसांना द्यायचं की दगडाला?

मला वाटतं, कुंपण बाहेरच्या चोराला अडवतं. किल्ली ज्याच्या हातात आहे, त्याला ते कसं अडवणार? तिथे नियत लागते, आणि नियत बदलली तर जाब विचारणारे लोक लागतात.

बोत्स्वानाही धुतल्या तांदळासारखा नाही. मध्य कलाहारीतून सान आदिवासींना सरकारने हलवलं. २००६ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. 'अख्ख्या देशाचं' म्हणताना देशात कोणाला धरायचं, हा प्रश्न उरतोच.

पण २०२४ मध्ये हिऱ्यांचा बाजार पडला, तिजोरी आटली, आणि ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला. त्याने हार मान्य केली आणि खुर्ची सोडली. पैसा असताना शांत राहणं त्यामानाने सोपं असतं. तो आटल्यावरही भांडण मतपेटीतच मिटलं, मी स्थैर्य म्हणते ते याला.

मैत्रिणीने अंगठी घेतली. छान आहे. हिरा कुठला, हे मात्र काकांनाही सांगता आलं नाही.