अपौरुषेय वाटणारा शब्द : व्हिजिटिंग कार्डावरचा क्यूआर कोड आणि शब्दप्रमाण

व्हिजिटिंग कार्डावर दोन प्रकारचा मजकूर असतो. दुकानाचे नाव, कामाचे स्वरूप, पत्ता आणि मोबाइल नंबर माणसाला वाचता येतात. क्यूआर कोड मात्र माणसासाठी छापलेला असूनही माणसाला वाचता येत नाही. तो फोन वाचतो आणि आत काय आहे ते माणसाला कळवतो. कार्ड देणारा त्यातून काही सांगत असतो आणि घेणारा ते खरे धरून पुढे जातो. एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला ज्ञान होते, त्या साधनाला भारतीय दर्शनांनी ‘शब्द’ म्हटले आणि ते प्रमाण केव्हा मानावे यावर शतकानुशतके वाद घातला. कार्डावरचा कोड या वादात कुठे बसतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वाडीतले कार्ड

नागपूरच्या पश्चिमेला अमरावती रस्त्यावर वसलेली वाडी ट्रकच्या धंद्यावर जगते. ट्रान्सपोर्टची ऑफिसे, गोदामे, स्पेअर पार्टची दुकाने, टायरवाले, ट्रकच्या कमानी म्हणजे लीफ स्प्रिंग बसवणारे कमानीवाले अशी इथली वस्ती आहे आणि शेजारी अंबाझरीची आयुध निर्माणी आहे. इथल्या कारागिराचे गिऱ्हाईक बरेचदा परप्रांतातले असते. ते आज गाडी लावते, उद्या निघून जाते आणि पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो. गावातल्या दुकानदाराची पत चार माणसांच्या तोंडी असते. रस्त्यावरच्या दुकानदाराला ती कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या खिशात द्यावी लागते. कार्ड हा तो कागद. त्यावरच्या कोडमुळे साडेतीन इंच बाय दोन इंचांच्या जागेत न मावणारी माहिती पोचवता येते : दुकानाचे नकाशावरचे ठिकाण, केलेल्या कामांचे फोटो, दरपत्रक, व्हॉट्सॲपचा दुवा.

कोडचा जन्मही याच धंद्यातला. जपानमधील डेन्सो या वाहनभाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो तयार केला. कारखान्यात सुट्या भागांच्या खोक्यांवरचे बारकोड एकामागून एक वाचताना कामगारांचा वेळ जात होता, त्यावरचा हा उपाय होता. कंपनीने पेटंट घेतले, पण ठरलेल्या मानकानुसार कोड वापरणाऱ्यांवर त्याचा हक्क बजावला नाही; म्हणून कोड जगभर फुकट पसरला. भारतात २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर तो पानठेल्यापर्यंत पोचला. आता लोक त्या छापील चौकोनालाच ‘स्कॅनर’ म्हणतात, जरी स्कॅन करणारा फोन असला तरी.

अचूक वाचन आणि खरे सांगणे

कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढली तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील मजकुरात हे प्रमाण फारसे आढळत नाही, त्यामुळे फोनला कोड कुठे आहे आणि कोणत्या बाजूने धरला आहे ते चटकन कळते. सर्वांत लहान कोडमध्ये २१ × २१ घरे असतात, सर्वांत मोठ्यात १७७ × १७७. मूळ माहितीबरोबर जादा माहिती गणिताने गुंफलेली असते. त्यामुळे निवडलेल्या पातळीप्रमाणे कोडचा सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर पूर्ण निघतो. ग्रीस लागलेल्या अंगठ्याचा ठसा कार्डावर उमटला तरी कोड उघडतो तो यामुळे.

इथेच एक गल्लत होते. कोड डाग सोसतो, म्हणून तो चुकत नाही असे वाटते. तो चुकत नाही, म्हणून तो खरे सांगतो असे वाटते. पण गणित दुरुस्त करते ती वाचनातली चूक. कोडमध्ये भरलेला पत्ताच दुसऱ्याचा असेल, तर तो पत्ता ३० टक्के डागाळलेल्या कार्डावरूनही बिनचूक उघडेल. अक्षर नीट लागणे वेगळे आणि वाक्य खरे असणे वेगळे. दर्शनांचा वाद यांतल्या दुसऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे वाक्याच्या खरेपणाविषयी आहे.

शब्दाला प्रमाण का मानावे?

चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण मानले नाही. त्यांच्या मताने जावे तर कार्ड घेण्यात अर्थ नाही; दुकान डोळ्यांनी पाहावे. बौद्ध तार्किक दिङ्नागाने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. शब्दावरून होणारे ज्ञान हे त्याच्या मते अनुमानच : बोलणारा विश्वासू आहे, म्हणून तो म्हणतो तसे असावे. या भूमिकेतून कोड ही एक खूण ठरते. धुरावरून अग्नी ओळखावा तसे कोडवरून दुकान ओळखायचे. पण धूर अग्नीशिवाय होत नाही आणि कोड दुकानाशिवायही छापता येतो. अनुमानाला लागणारा तो अटळ संबंध इथे नाही.

नैयायिकांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले, मात्र अट घातली. न्यायसूत्रांनुसार आप्ताचे सांगणे तेवढे प्रमाण. भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची लक्षणे दिली आहेत : विषय त्याने स्वतः जाणलेला असावा आणि जसा जाणला तसाच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही त्याने स्पष्ट केले आहे. आप्तपण जन्मावर वा वेषावर ठरत नाही. जाणकारी आणि प्रामाणिकपणा यांवर ठरते. कमानीच्या पोलादाविषयी वाडीतला कमानीवाला या अर्थाने आप्त असू शकतो.

मीमांसकांचा मार्ग निराळा होता. त्यांच्या मते शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्याच्या दोषामुळे. वेदाला कर्ताच नाही, तो अपौरुषेय आहे. कर्ता नाही म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत. नैयायिकांना हे पटले नाही. वेद प्रमाण आहे तो त्याचा वक्ता आप्त आहे म्हणून, आणि आयुर्वेदाचा गुण जसा अनुभवाला येतो तसे त्याचे आप्तपण ओळखता येते, असे त्यांचे उत्तर होते.

कोडचा कर्ता कोण?

क्यूआर कोडला मिळणारा विश्वास मीमांसकांच्या युक्तिवादासारखा आहे, पण कर्ता नसण्याचा आधार त्याला नाही. हाताने लिहिलेल्या पाटीत लिहिणाऱ्याचे वळण दिसते, बोलण्यात आवाजाचा चढउतार कळतो. कोडमध्ये माणसाची कोणतीच खूण नसते. सगळे कोड सारखेच दिसतात, म्हणून तो यंत्राने उच्चारलेला, कर्ता नसलेला शब्द भासतो. प्रत्यक्षात तो पूर्णपणे पौरुषेय आहे, आणि त्याला कर्ते एकाहून अधिक असतात.

मजकूर ठरवतो तो दुकानदार. कोड बनवतो तो बहुधा कार्ड छापणारा डिझायनर. कोड ‘स्थिर’ असेल तर पत्ता वा नंबर थेट त्या घरांतच गोठलेला असतो. कोड ‘डायनॅमिक’ असेल तर त्यात दुकानाचा पत्ता नसतोच. एखाद्या सेवा कंपनीचा छोटा दुवा असतो आणि ती कंपनी पुढे कुठे पाठवायचे ते ठरवते. याची सोय मोठी आहे. नंबर बदलला तरी हजार कार्डे पुन्हा छापावी लागत नाहीत आणि किती जणांनी स्कॅन केले ते मोजता येते. पण वर्गणी थकली की दुवा बंद पडू शकतो. कार्डावरचा चौकोन तोच राहतो, त्याचा अर्थ मात्र तिसऱ्याच्या हाती जातो. म्हणजे शब्द देणारा एक आणि शब्द पाळणारा दुसरा. वात्स्यायनाच्या कसोटीवर ही तिसरी कंपनी आप्त ठरत नाही, कारण कमानीविषयी तिला काहीच ठाऊक नाही. तिच्याकडे असतो तो फक्त निरोप्याचा प्रामाणिकपणा.

अक्षरे डोळ्यांआड ठेवण्याची एक जुनी परंपरा विदर्भातच आहे. रिद्धपूर हे ज्यांचे थोर तीर्थ, त्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, तोवर पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ते ग्रंथ बंदच होते. तिथे संकेत वाचण्याची किल्ली गुरूकडून शिष्याला मिळे, त्यामुळे वाचणाऱ्याला लिहिणारा कोण हे ठाऊक असे. क्यूआर कोडची किल्ली प्रत्येक फोनमध्ये आहे. तो कोणालाही उघडतो, पण लिहिणाऱ्याची ओळख त्या किल्लीबरोबर येत नाही.

आधी विश्वास की आधी पडताळा?

ज्ञान खरे ठरते कशाने, यावर आणखी एक वाद आहे. मीमांसक कुमारिल भट्टाच्या परंपरेनुसार प्रामाण्य स्वतःच असते : बाधक काही पुढे येईपर्यंत ज्ञान खरे मानावे. नैयायिकांच्या मते ते परतः ठरते : ज्ञानानुसार कृती केली आणि ती सफळ झाली, तर ज्ञान खरे. व्यवहारात माणूस दोन्ही वापरतो. दर वेळी पडताळत बसले तर बाजार उठेल. पण फसवणुकीची किंमत जिथे मोठी, तिथे नैयायिकांचा मार्ग बरा. नकाशा उघडणारा कोड चुकीचा निघाला तर एक फेरा वाया जातो. पैशाचा कोड चुकीचा निघाला तर रक्कम जाते. दुकानाच्या कोडवर दुसरा स्टिकर चिकटवणे हा फसवणुकीचा साधा प्रकार आहे. ‘पैसे मिळतील, कोड स्कॅन करा’ हा दुसरा. वास्तविक यूपीआयमध्ये कोड स्कॅन करून पिन टाकला जातो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नाही. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर येणारे नाव वाचणे हा तिथला परतःप्रामाण्याचा क्षण.

नागपुरात या प्रश्नाला बौद्ध अंगही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर झालेल्या धम्मदीक्षेनंतर या शहरात बुद्धविचार घरोघरी पोचला. कालामसुत्तात बुद्ध कालामांना सांगतात की ऐकीव गोष्ट, परंपरा वा कोणाचा अधिकार एवढ्यावर काही स्वीकारू नये. हित कशात आहे हे स्वतः जाणून स्वीकारावे. हा उपदेश घेणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्यासाठी अष्टांग मार्गातील सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका आहेत. दुसऱ्याच्या कामाचे फोटो आपले म्हणून दाखवणे हा वाचेचाही दोष आणि आजीविकेचाही.

आप्ताचे कार्ड

यावरून कार्ड कसे असावे तेही निघते. कोडशेजारी तो काय उघडतो हे साध्या मराठीत लिहावे : ‘दुकानाचा रस्ता’, ‘कामाचे नमुने’. न वाचता येणाऱ्या शब्दाला वाचता येणाऱ्या शब्दाची साक्ष मिळते. नाव आणि नंबर अक्षरांतही असावेत, म्हणजे फोन बंद पडला तरी कार्ड मुके होत नाही. पैशाचा कोड माहितीच्या कोडपासून वेगळा ठेवावा. कोड निदान दोन सेंटिमीटरचा असावा आणि त्याभोवती चार घरांची कोरी जागा सोडावी, नाहीतर फोनला त्याची कड सापडत नाही. छापखान्यातून गठ्ठा घरी नेण्यापूर्वी दोन-तीन निरनिराळ्या फोनवर तो उघडून पाहावा, आणि दुवा बदलला की पुन्हा पाहावा. स्वतः न उघडलेला कोड वाटणारा दुकानदार स्वतः न जाणलेली गोष्ट सांगत असतो, आणि वात्स्यायनाची पहिली अट तिथेच मोडते.

शेवटचा पडताळा कार्डावर होत नाही. वाडीत बसवलेली कमान घेऊन गाडी भरल्या मालानिशी अमरावतीपलीकडे जाते आणि कमान टिकते, तेव्हा नैयायिक ज्याला प्रवृत्तिसामर्थ्य, म्हणजे कृतीची सफलता, म्हणतात ते घडते. पुढल्या खेपेला तो ड्रायव्हर कोड उघडत नाही. दुकान त्याला ठाऊक झालेले असते.