मिशन दवाखाना, मंडळी आणि जामखेड

भारतातील ख्रिस्ती वैद्यकीय सेवेने किती रुग्ण बरे केले यापेक्षा ती कोणत्या अपेक्षेने चालवली गेली, हा प्रश्न अधिक काळ वादाचा राहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक मिशनांच्या दृष्टीने दवाखाना हे सुवार्ताप्रसाराचे, म्हणजे येशूचा संदेश लोकांपर्यंत नेण्याचे, एक साधन होते. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत उभारलेल्या रुग्णालयासारख्या संस्थांनी शस्त्रक्रियेत मोठा लौकिक मिळवला; तरी शुश्रूषा आणि उपदेश एकाच छपराखाली चालत असल्याने बऱ्या झालेल्या रुग्णाच्या कृतज्ञतेचे पुढे काय केले जाते, हा संशय अशा सेवेभोवती कायम राहिला. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने 1956 च्या अहवालात त्या संशयाला अधिकृत रूप दिले आणि धर्मांतराचे थेट साधन म्हणून वैद्यकीय सेवा वापरण्यास मनाई असावी, अशी शिफारस केली. या अहवालाचे सारे निष्कर्ष कोणी मान्य करो वा न करो, वेदनेने अगतिक झालेल्या माणसाची संमती कितपत स्वतंत्र असते, हा त्यामागचा प्रश्न खरा आहे.

ख्रिस्ती विचारवंत याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने आले. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे 1964 मध्ये झालेल्या विचारविनिमयात असे प्रतिपादन झाले की आरोग्यदान हे मुळात मंडळीचे, म्हणजे उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या श्रद्धावंतांच्या समुदायाचे, कार्य आहे आणि ते डॉक्टरांवर सोपवून तिला मोकळे होता येत नाही. चर्चेसच्या जागतिक परिषदेने 1968 मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाला तर असे आढळले की चर्चची बहुतेक साधनसंपत्ती रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचू शकणाऱ्यांच्या उपचारावर खर्च होते, आणि आजार जिथे उपजतो ते गाव तसेच राहते.

या सिद्धान्ताची खरी कसोटी मात्र तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला लागली. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केले, तेव्हा प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहून काम करतील हा त्यांचा अंदाज फसला, आणि त्या जागी गावातल्याच, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून पुढे आल्या. या स्त्रिया नियमितपणे जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतल्यावर बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग यांच्याशी झुंजत. कूपनलिका दलित वस्तीत खोदल्या गेल्याने सवर्णांनाही पाण्यासाठी तिथे यावे लागले, हा तर वैद्यकाच्या पुस्तकात न सापडणारा उपचार होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 च्या ग्रंथात या प्रयोगाचा समावेश झाला. पुढे 1978 च्या अल्माआटा घोषणेने प्राथमिक आरोग्यसेवेची, म्हणजे लोकांच्या सहभागाने त्यांच्या वस्तीतच मिळणाऱ्या मूलभूत सेवेची, कल्पना जगापुढे मांडली, तेव्हा जामखेडसारखे अनुभव तिच्या पाठीशी होते.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने पेच इथेच पडतो, कारण गावाला आरोग्य देणारा हा समुदाय बहुतांशी ख्रिस्ती नव्हता. मग ट्यूबिंगेनचा सिद्धान्त चुकला, असे म्हणायचे, की मंडळीची व्याख्याच अपुरी होती, असे? पहिला निष्कर्ष सोपा आहे. पण चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी वाटसरूला उचलणारा माणूस ऐकणाऱ्यांच्या लेखी परधर्मीच होता, हे ध्यानात घेता दुसरा निष्कर्ष शुभवर्तमानाच्या अधिक जवळचा वाटतो. शिवाय आरोळे दांपत्याने आपली श्रद्धा कधी लपवली नाही, त्यामुळे इथे ख्रिस्ती प्रेरणा विरून गेली असेही म्हणता येत नाही.

नियोगी समितीच्या आक्षेपालाही याच रचनेतून उत्तर मिळते. आक्षेपाचे मूळ रुग्णाच्या परावलंबनात आहे. पण जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे हे ज्ञान एकदा शेजारणीच्या हाती आले, की दात्याकडे उपकाराची दोरी उरत नाही. अर्थात चर्चच्या सर्वच संस्थांना हे मानवेल असे नाही, कारण देणगीदाराला इमारत दाखवता येते, त्या इमारतीवर नाव कोरता येते, आणि न झालेल्या आजाराचा हिशेब वार्षिक अहवालात मांडणे अवघड जाते.