नसलेल्याची हाक

बेळगावच्या ज्या कचेरीत मी संगणक विभाग सांभाळत होतो, तिथे सर्व्हरना जिल्ह्यातल्या नद्यांची नावे देण्याची पद्धत होती. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय. त्यातला मार्कंडेय जुना झाला तेव्हा त्याच्यावरचे सारे काम दुसऱ्या यंत्रावर हलवले, त्याच्या डिस्क काढून फोडून टाकल्या आणि उरलेला सांगाडा भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवला. टेम्पो फाटकाबाहेर पडेपर्यंत मी दाराशी उभा होतो. देखरेखीच्या यादीतूनही त्याचे नाव त्याच दिवशी काढले. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या पडद्यावर तांबडी ओळ होतीच : मार्कंडेय बंद आहे, लक्ष द्यावे. पुराणातला मार्कंडेय चिरंजीव, आमचाही मरायला तयार नाही, असा विनोद करून आम्ही चहाला गेलो. त्या विनोदाची किंमत पुढे मोजावी लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांचा या विद्येशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगायला हवे. बँक, रुग्णालय, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल या सर्वांमागे अहोरात्र चालणारी यंत्रे असतात. माणूस त्यांच्याकडे सतत पाहत बसू शकत नाही, म्हणून पाहण्याचे काम एका प्रणालीवर सोपवलेले असते. ईथन गॅलस्टॅड या अमेरिकन प्रोग्रामरने १९९९ साली 'नेटसेंट' नावाची अशी एक प्रणाली सर्वांसाठी खुली केली. २००२ पासून ती 'नागिओस' या नावाने ओळखली जाते. तिची मूळ कल्पना रात्रीच्या गस्तवाल्याची आहे. ठरावीक मिनिटांनी प्रत्येक यंत्राला हाक मारायची. ओ आली तर हिरवी खूण. नाही आली तर लगेच बोंब न मारता सांगितलेल्या वेळा पुन्हा हाक मारायची, आणि तरीही उत्तर नसेल तर तांबडी खूण करून जबाबदार माणसाला निरोप धाडायचा. यंत्र पुन्हा बोलू लागले की 'पूर्ववत' असा दुसरा निरोप जातो आणि तांबडी खूण पुसली जाते.

गोम इथेच आहे. तांबडी खूण पुसण्याचा अधिकार 'पूर्ववत' या निरोपाला दिलेला असतो. पुष्कळ ठिकाणी हाक मारणारी प्रणाली एक असते आणि आलेले इशारे मांडून ठेवणारी वही दुसरीच. पहिल्या यादीतून नाव काढले की हाक मारणे थांबते. हाकच नाही तेव्हा ओ येण्याचा प्रश्न उरत नाही, आणि ओ नाही म्हणून दुसऱ्या वहीतला इशारा उघडाच राहतो. जो कधीच परतणार नाही त्याच्यासाठी दार उघडे ठेवून बसावे, तसे हे आहे.

आपल्या दार्शनिकांनी या प्रश्नाचा विचार फार बारकाईने करून ठेवला आहे. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशामुळे कळते? डोळ्यांना जमीन दिसते. 'नसणे' कसे दिसणार? कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी यासाठी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले. प्रभाकरांच्या अनुयायांना ते मान्य झाले नाही. नैयायिकांनी अभाव हा पदार्थ मानला, पण तो जाणण्यासाठी निराळे प्रमाण नको, प्रत्यक्षच पुरे, अशी भूमिका घेतली. हा वाद मोठा आहे. आपल्या कामाची आहे ती त्यातली एक अट. घडा दिसला नाही एवढ्याने भागत नाही. असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असावी लागते. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो तिथे नाही, असे म्हणता येत नाही.

देखरेख करणारी प्रणाली नेहमीच अशा अंधाऱ्या खोलीत असते. हाकेला ओ आली नाही, एवढेच तिला कळते. यंत्र बिघडले असेल, तार तुटली असेल, मधला स्विच बंद पडला असेल किंवा यंत्र भंगारात गेले असेल. नागिओसने यात एक भेद केलेला आहे. यंत्राच्या तीन अवस्था ती मानते : चालू, बंद आणि पोहोचता येत नाही. वाटेतलेच यंत्र बंद असेल तर पलीकडच्याला ती 'बंद' ठरवत नाही, आपण तिथवर पोहोचलो नाही असे सांगते. हा तिचा प्रामाणिकपणा मला नेहमीच आवडत आला आहे. पण 'ते आता नाही, आणि नसायलाच हवे' ही चौथी अवस्था तिच्यापाशी नाही. ती कितीही हाका मारून कळणारी नाही. तिथे शब्दप्रमाणच लागते. ज्याने टेम्पो फाटकाबाहेर जाताना पाहिला, त्याने तसे सांगावे लागते.

मग प्रणालीनेच परस्पर निकाल लावला तर? २०१२ साली साउंडक्लाउड या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीत सुरू झालेली 'प्रोमिथियस' ही प्रणाली जवळजवळ तेच करते. तिथे इशारा उभा असतो तो यंत्राकडून आणलेल्या आकड्यांवर. यंत्र यादीतून गेले की आकडे थांबतात आणि त्यांच्यावर उभा असलेला इशारा थोड्या वेळाने आपोआप मिटतो. निरोप येतो तो 'निवारण झाले' असा. ताप उतरला तरी निवारण आणि रोगी गेला तरी निवारण! चालू असलेले यंत्र कोणाच्या चुकीने यादीतून गळले तरीही पडदा तसाच स्वच्छ दिसतो. म्हणून जाणकार माणसे तिथे 'आकडे येणेच थांबले तर कळव' असा आणखी एक नियम लिहून ठेवतात.

घाईने पुसण्याची ही चूक यंत्रांपुरती नाही. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातील लाल बिहारी हे महसुली कागदांत १९७५ पासून १९९४ पर्यंत मृत होते. जिवंत माणसाला आपले जिवंतपण सिद्ध करायला एकोणीस वर्षे लागली आणि त्यासाठी 'मृतक संघ' स्थापन करावा लागला. तेव्हा पुसणाऱ्याने हात आखडता घ्यावा, हे खरेच. पण हात आखडण्याच्या नावाखाली आपण जे करतो त्याला सावधपणा म्हणता येईल का, हा प्रश्न उरतोच.

आमच्या मार्कंडेयाची ओळ पुसायला पाच मिनिटे पुरली असती. पण ती वही दुसऱ्या विभागाच्या ताब्यात होती, तिथे अर्ज करावा लागे, आणि 'सगळ्यांना ठाऊक आहे' म्हणून तो कोणीच केला नाही. मीही केला नाही. दोन-तीन महिन्यांत ती ओळ भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरासारखी दिसेनाशी झाली. पुढे नवा सर्व्हर आला. दिवसभराच्या हिशेबाची रात्री एक प्रत काढून ठेवणे हे त्याचे काम. नाव मोकळे होते म्हणून त्यालाही मार्कंडेय हेच नाव दिले. तो पहिल्यापासून चालूच असल्याने त्याचा 'पूर्ववत' असा निरोप कधी गेला नाही, आणि जुनी तांबडी ओळ होती तिथेच राहिली. एका रात्री हा नवा मार्कंडेय खरोखरच बंद पडला. प्रणालीने हाका मारल्या, इशारा धाडला. वहीत त्या नावाचा इशारा आधीच उघडा होता. नवा त्यातच जमा झाला. उघड्या इशाऱ्याचा पुन्हा निरोप जात नाही. पडद्यावर कणभरही बदल झाला नाही.

रात्रपाळीला एक नवा मुलगा होता. कामावर आला त्या पहिल्याच आठवड्यात त्याने मला त्या ओळीबद्दल विचारले होते. "ते सोड रे, ते तसंच असतं," असे मी म्हणालो होतो.

अकरा दिवसांनी मुख्य यंत्राची डिस्क गेली, तेव्हा कळले की अकरा दिवसांच्या प्रतीच नाहीत. कागदी पावत्यांवरून सगळे पुन्हा भरावे लागले. चौकशीत विचारले गेले, इशारा आला होता का? आला होता. मग पाहिला का नाही? त्या मुलाने माझे नाव घेतले नाही. मान खाली घालून उभा राहिला. मी जाऊन सांगितले, पण दुसऱ्या दिवशी. मधला तो एक दिवस अजून मला छळतो.

ही केवळ आमच्या कचेरीची गोष्ट नाही. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या 'जॉइंट कमिशन' या संस्थेने २०१३ साली जाहीर केले की जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात तिच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटनांची नोंद झाली आणि त्यातल्या ८० घटनांत रुग्ण दगावला. निरर्थक आवाजांच्या माऱ्याने परिचारिकांचे कान बधिर होणे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

तेव्हा मला जे उमगले ते असे. इशारा ही दुसऱ्याच्या लक्षावर केलेली मागणी आहे. खोटा ठरलेला इशारा तसाच ठेवणे म्हणजे जे लक्ष आपल्या मालकीचे नाही ते उधळणे. इथे खोटे यंत्र बोलत नाही. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नसते. खोटे बोलतो तो, ज्याला ठाऊक असते आणि जो गप्प राहतो. आणि त्याची झळ बसते ती सर्वांत नव्या, सर्वांत सरळ माणसाला, कारण तांबड्या खुणेवर विश्वास ठेवून आलेला तोच एकटा असतो. आपण त्याला पहिला धडा देतो तो तिच्याकडे न पाहण्याचा.

आपल्या घरांत मृत्यूचे सुतक पाळतात, पण त्याला मुदत असते. दहावा होतो, तेरावा होतो, गोडाचे जेवण होते आणि घराचे व्यवहार पुन्हा सुरू होतात. गेलेल्याचा विसर पडावा म्हणून हे नसते. वर्षश्राद्धाला त्याची आठवण निघतेच. सुतक फिटले, हे कोणीतरी चारचौघांत म्हणावे लागते, एवढेच. प्रोमिथियसच्या जोडीला चालणाऱ्या इशाऱ्यांच्या प्रणालीत हे शहाणपण दिसते. तिथे इशारा गप्प करायचा तर तो केव्हापर्यंत, हे लिहावेच लागते. बेमुदत गप्प करण्याची सोय नाही. २००९ साली नागिओसमधून फुटून निघालेल्या 'आयसिंगा'च्या जुन्या डेटाबेसात काढलेल्या यंत्राची नोंद खोडली जात नाही. 'सक्रिय' या रकान्यात एकाच्या जागी शून्य मांडले जाते. इतिहास राहतो आणि हाक थांबते. ठेवणे आणि पुसणे यांत विरोध आहे असे आपण धरून चालतो. तो इथे सुटलेला दिसतो.

त्या प्रकारानंतर मी विभागात एक साधी वही ठेवली. यंत्र गेले की त्याचे नाव, त्याचे काम कुठे हलवले, ते जाताना कोणी पाहिले, इशारा कोणी पुसला आणि तारीख, असे रकाने आखले. पुसण्याआधी दुसऱ्याने ताडून पाहावे म्हणून सहीचे रकाने दोन. वहीच्या पहिल्या ओळीत जुन्या मार्कंडेयाचे नाव आहे. तारीख आठ महिने उशिराची आहे आणि 'कोणी पाहिले' या रकान्यात सही माझी आहे.