पोतदाराची साक्ष

सरकारसाऱ्याच्या भरण्यास रयतेने आणलेला रुपया खरा की खोटा, पुऱ्या वजनाचा की झिजलेला, हे पारखून सांगण्याचे काम गावगाड्यात पोतदाराकडे असे, आणि तो हुद्दा बहुधा सोनाराच्याच घरात चाले. पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींचे अंकुशी, चांदवडी असे रुपये एकाच बाजारात फिरत असल्यामुळे बट्टा किती कापावयाचा हा नित्याचाच तंटा होता. आणि त्या तंट्यात देणारा व घेणारा या दोघांच्याही शब्दास किंमत नव्हती, कारण दोघांचाही स्वार्थ त्याच नाण्यात गुंतलेला असे.

हे सारे मला आठवले ते नगरच्या सराफकट्ट्यावर, एका वृद्ध सराफांच्या गादीसमोर. एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेली शिवराई मी मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवली होती. त्यांनी 'श्री राजा शिव' ही अक्षरे वाचलीदेखील नाहीत, प्रथम कडेवरून नख फिरविले, मग भिंग माझ्याच हाती देऊन म्हणाले, "भाऊसाहेब, कडेची ही बारीक रेघ साच्याच्या सांध्याची. अक्षरांजवळचे खळगे हवेच्या बुडबुड्यांचे. ही ठशावर पाडलेली नाही, ओतलेली आहे."

ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, बाधक पुढे येईपर्यंत ते खरेच मानावे, असे मीमांसक म्हणतात. प्रामाण्य दुसऱ्या साधनाने ठरवावे लागते, असे नैयायिकांचे म्हणणे. शिवराई विकत घेताना मी मीमांसक होतो, आणि गादीवरून उठताना, किंचित दरिद्री होऊन, नैयायिक झालो. मात्र न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह साक्षीदाराचे, लक्षण सांगताना पदवीची वा कीर्तीची अट घातलेली नाही: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ.

अमेरिकेत १९८६-८७ च्या सुमारास दोन कंपन्यांनी या आप्तत्वाचा रीतसर व्यवसाय केला. नाणे पारखावयाचे, त्यास सत्तरपैकी अंक द्यावयाचा आणि प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करावयाचे. आपल्याकडील संग्राहकही आता अशा पेट्या मागतात. दूरवरच्या ग्राहकास त्याचा मोठा आधार आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या पेटीत नाणे वाजवून पाहता येत नाही, कडेवर नख फिरत नाही, म्हणजे साक्षीदाराने साक्ष दिली आणि उलटतपासणीची वाटच बुजविली. जुने सराफ निदान आपली खूण नाण्याच्या अंगावरच ठोकीत; आजचा संग्राहक त्याच खुणेपायी नाण्याची किंमत उतरवितो, ही गंमत निराळीच.

नेवाशाला १९५४ ते ५६ मध्ये डेक्कन कॉलेजने उत्खनन केले तेव्हा निघालेल्या सातवाहन नाण्यांना मातीच्या थरांची साक्ष होती. बाजारात आलेल्या नाण्याचा तो थर हरवलेला असतो. म्हणून तर माणूस शोधावा लागतो.

मी शिवराई खिशात टाकली, तेव्हा सराफांनी गल्ल्यातून राणीछाप दोन रुपये काढले, मला डोळे मिटावयास सांगितले आणि ते फरशीवर एकामागून एक टाकले. "सांगा, खोटा कोणता?"

"पहिला," मी म्हणालो.

"पुन्हा ऐका," ते म्हणाले, आणि रुपये उचलू लागले.