पुसता येणारी चूक

केलेली कृती ‘केलीच नव्हती’ अशी करता आली, तर तिच्याबद्दल खेद वाटण्याचे काही कारण उरते काय? हा प्रश्न कानी पडताच नीतिशास्त्राचे जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढे येतात. परंतु गेली सुमारे चाळीस वर्षे जगभरातील मुले कोणताही ग्रंथ न उघडता, टीव्हीसमोर मांडी ठोकून, हाच प्रश्न हाताळीत आली आहेत. जपानमध्ये तयार झालेल्या जुन्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमविषयी आम्ही बोलत आहोत. विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. वाचकांनी चार पाने धीर धरावा.

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्यापैकी अनेकांना १९९०च्या दशकात घरोघर आलेली कॅसेटची खेळणी आठवतील. त्यांत उड्या मारायच्या असत, गोळ्या झाडायच्या असत आणि आईची हाक ऐकू न आल्याचे सोंग करायचे असे. जपानी रोल-प्लेइंग खेळ वेगळ्या प्रकृतीचे. त्यांत बोटांची चपळाई फारशी लागत नाही. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो. वाटेत राक्षस आडवा आला की वार, मंत्र, औषध, पलायन अशा यादीतून एकेक आज्ञा निवडतो. एक कथा पुरी व्हायला तीस-चाळीस तास सहज लागतात. कादंबरीशीच याचे नाते जवळचे आहे. फरक इतकाच की येथे पाने उलटण्याऐवजी चालावे लागते.

या प्रकाराला जपानात घरोघर नेले ते २७ मे १९८६ रोजी आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने. युजी होरी यांची रचना, अकिरा तोरियामा यांची चित्रे आणि कोइची सुगियामा यांचे संगीत असा तो योग होता. त्या पहिल्या खेळात प्रगतीची नोंद यंत्रात राहत नसे. खेळ थांबवायचा झाला की राजाकडे जायचे; राजा २० अक्षरे सांगे, ती मुलाने वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची. या अक्षरमालेचे जपानी नाव होते ‘पुनरुत्थानाचा मंत्र’. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात तो मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. जपानी लिपीतील ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ ही अक्षरे दिसायला बहिणी-बहिणी. घाईत एकाच्या जागी दुसरे पडले, की कित्येक संध्याकाळींचे कष्ट गेले. परत येण्याला तेव्हा हस्ताक्षराची किंमत मोजावी लागे! १९८८ साली तिसऱ्या भागाच्या कॅसेटमध्ये बॅटरी बसली, नोंद आपोआप जपली जाऊ लागली आणि वह्या बाजूला पडल्या.

नोंद जपण्याची ही सोय म्हणजे आमच्या विवेचनाचा गाभा. मुलांच्या भाषेत ‘सेव्ह करणे’ आणि ‘लोड करणे’. जपलेल्या जागेपासून पुन्हा आरंभ केला, की त्यानंतर घडलेले सारे नाहीसे होते. हरलेली लढाई, चुकलेला रस्ता, एखाद्याला दिलेले उर्मट उत्तर, काहीही शिल्लक राहत नाही. कोणाची क्षमा मागावी लागत नाही, कारण ज्याने क्षमा करायची त्याला अपराध झाल्याचे ठाऊकच नसते.

परंतु बारकाईने पाहता या खेळांत परतीच्या दोन वाटा आहेत, आणि त्यांतील भेद नीतीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये नायक लढाईत पडला तर कथा मागे सरकत नाही. तो राजासमोर पुन्हा उभा केला जातो, राजा त्याला चार शब्द सुनावतो, त्याच्याजवळची निम्मी सुवर्णनाणी गेलेली असतात. त्याने मिळवलेला अनुभव मात्र तसाच राहतो. पुढील भागांत सोबती आले. ते मेलेले असतील तर त्यांच्या शवपेट्या मागे घेऊन नायकाला फिरावे लागते. पडणे घडले आहे, त्याचे नुकसान सोसले आहे आणि पडताना जे शिकलो ते हातात आहे. उलट हिरोनोबू साकागुची यांच्या १९८७ सालच्या ‘फायनल फॅन्टसी’त आणि तिच्या पुढच्या अनेक भागांत सारे सोबती पडले की खेळ संपतो; जपलेली नोंद उघडावी लागते आणि मधला काळ, शिकण्यासह, विरून जातो. एका वाटेवर पडलेला माणूस उठतो. दुसरीवर तो कधी पडलेलाच नसतो. आम्हाला पहिली वाट अधिक मानवी वाटते, मग तिच्यात खिसा निम्मा रिकामा का होईना.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९९० सालच्या चौथ्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पासून नोंद जपण्याचे ठिकाण राजदरबारातून हलून चर्चमध्ये आले. गावात शिरताच प्रवासी चर्च शोधतो. तेथील धर्मगुरू त्याची प्रार्थना ऐकून नोंद करतात, विष उतरवतात, शाप काढतात, मेलेल्या सोबत्याला जिवंत करतात. या शेवटच्या सेवेबद्दल ते रोख दक्षिणा घेतात, ही बाब आमच्या धर्मग्रामातील खजिनदारांनी मनावर घेऊ नये. जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आहे. तेव्हा हे चर्च श्रद्धेतून आलेले नसून पाश्चात्त्य कथांच्या चित्रांतून आले असावे, हे उघड आहे. त्या काळी निन्टेन्डोच्या अमेरिकेतील शाखेचे धोरण धर्मचिन्हे टाळण्याचे होते. त्यामुळे खेळ इंग्रजीत गेला तेव्हा क्रूस पुसले गेले आणि चर्चचे ‘उपचारगृह’ झाले. ख्रिस्ती बहुसंख्येच्या देशाने चर्च काढावे आणि बौद्ध-शिंतो परंपरेच्या देशाने ते गावोगाव उभारावे!

तरीही त्या चर्चमध्ये काहीतरी राहून गेले आहे. तेथील धर्मगुरू प्रवाशाला ‘तू काय केलेस?’ असे विचारीत नाहीत. आणि करण्यासारखे पुष्कळ केलेले असते. या खेळांतील थोर नायक परक्यांच्या घरात न विचारता शिरतो, कपाटे उघडतो, सापडेल ते खिशात घालतो. यजमान शेजारीच उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारतो. सारे खेळणारे हे करतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

हा निष्काळजीपणा एकदा मात्र न्यायालयात खेचला गेला. मार्च १९९५ मध्ये आलेला ‘क्रोनो ट्रिगर’ हा होरी, साकागुची आणि तोरियामा या तिघांच्या एकत्र कामातून घडलेला खेळ. त्याच्या आरंभी राज्याच्या सहस्रवर्षपूर्तीची जत्रा भरलेली असते. नायकाची एका मुलीशी टक्कर होते, तिच्या गळ्यातील पदक दूर पडते. आधी तिची विचारपूस करायची की पदक उचलायचे? एका मेजावर कोणा म्हाताऱ्याचा डबा असतो. तो खाल्ला तर प्रकृती सुधारते. एका लहान मुलीचे मांजर हरवलेले असते. ती टक्कर झालेली मुलगी मिठाईपाशी रेंगाळते. थांबायचे की तिला ओढून न्यायचे? खेळणारा हे सगळे जत्रेच्या गडबडीत करून मोकळा होतो. पुढे कळते की ती मुलगी राजकन्या आहे, आणि तिला पळवून नेल्याचा आरोप नायकावर येतो. खटला उभा राहतो. सात पंच बसतात आणि साक्षीला येतात ती माणसे कोण, तर डब्याचा मालक आणि मांजरवाली मुलगी!

त्या क्षणी अनेकांनी पडद्यासमोर मान खाली घातली असेल. राजसत्तेविरुद्धच्या गुन्ह्याचा निकाल एका डब्यावरून ठरू पाहतो, हे कायद्याच्या दृष्टीने विचित्र खरे. पण माणूस कसा आहे हे त्याच्या मोठ्या शौर्यावरून कळते की कोणी पाहत नसताना उघडलेल्या डब्यावरून? शिवाय रचनाकारांनी आणखी एक शहाणपण दाखवले आहे. पंचांनी निर्दोष ठरवले तरी नायक तुरुंगात जातोच आणि तेथील दुष्ट अधिकारी त्याला वधस्तंभाकडे नेऊ पाहतोच. म्हणजे चांगले वागण्याचे बक्षीस जवळजवळ काहीच नाही. डबा न खाणे हे डबा न खाण्यासाठीच करावयाचे.

अर्थात सेव्हची सोय येथेही आहेच. खटला पाहून शहाणा झालेला मुलगा जुनी नोंद उघडतो, जत्रेत परत जातो, मांजर पोहोचवतो, डब्याला हात लावत नाही आणि सातही पंच जिंकतो. ही दुसरी जत्रा आम्हाला अस्वस्थ करते. कृती तीच आहे, मांजरही तेच आहे; पण साक्षीदार कोण होणार हे आता ठाऊक आहे. दानधर्म लोकांना दिसावा म्हणून करणाऱ्यांविषयी प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात जो इशारा दिला, तो या मुलाला लागू पडतो काय? आमच्या मते पुरता पडत नाही. बारा वर्षांच्या मुलाने एकदा शरमून दुसऱ्यांदा नीट वागावे, यात शिकण्याचा अंश आहेच. मात्र पहिल्या जत्रेतील तो उपाशी म्हातारा कोठे गेला? मुलाने त्याला भरपाई दिलेली नाही. त्याने तो म्हाताराच नाहीसा केला आहे.

प्रायश्चित्त संस्काराची, आमच्या वाडवडिलांच्या बोलीतील ‘कुमसारा’ची, आठवण येते ती येथेच. पापक्षमा म्हणजे पाटी पुसणे, अशी समजूत प्रथम कम्युनियनच्या वर्गातील मुलांचीच नव्हे तर पुष्कळ थोरांचीही असते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. पापाची क्षमा होते, पण चोरलेली वस्तू परत करायची राहते, बदनाम केलेल्याची अब्रू सावरायची राहते. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले. आपण जकातदार नव्हतोच, असे त्याला करून घेता आले नाही.

या भेदाची जबर किंमत जपानच्याच ख्रिस्ती लोकांनी दिली आहे, आणि तो इतिहास आपल्याला परका नाही. संत फ्रान्सिस झेविअर १५४९ साली गोव्याहून निघून कागोशिमाला उतरले. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झाले. १६१४ साली धर्मावर बंदी आली. पुढे संशयितांना ख्रिस्ताच्या वा मारियामातेच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावण्याची प्रथा पडली. नागासाकी परिसरात ती दरवर्षी पाळली जाई. अनेकांनी जीव वाचवण्यासाठी पाय दिला आणि घरी परतून ते ‘कोंचिरिसान’ म्हणजे अनुतापाची प्रार्थना म्हणू लागले. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू उरले नव्हते. पुढच्या वर्षी पुन्हा तोच पाय, पुन्हा तीच प्रार्थना. दिलेले पाऊल त्यांना मागे घेता येत नव्हते. ते फक्त वाहून नेता येत होते. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये त्यांचे वंशज फादर पेतीजाँ यांच्यासमोर येऊन उभे राहिले, तेव्हा हे ओझे त्यांच्या कुळांत पिढ्यानुपिढ्या चालत आलेले होते. खेळ रचणाऱ्यांच्या मनात हा इतिहास होता असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच की जे पुसता येत नाही त्याच्याशी कसे राहावे, हा प्रश्न त्या भूमीवर फार गंभीरपणे जगला गेला आहे.

उत्तम खेळही शेवटी त्याच प्रश्नापाशी येतात आणि सेव्हची सोय स्वतःच निष्फळ करतात. १९९७ सालच्या सातव्या ‘फायनल फॅन्टसी’त एरिथ नावाची फुले विकणारी मुलगी आहे, एका मोडक्या चर्चच्या जमिनीत ती फुले जोपासते. कथेच्या पहिल्या तबकडीच्या अखेरीस, प्रार्थनेत असताना, तिच्या पाठीत तलवार खुपसली जाते. खेळणाऱ्याने तोपर्यंत तिला वाढवलेले असते, शस्त्रे दिलेली असतात. जुनी नोंद कितीदाही उघडावी, ती मरतेच. तिला परत आणण्याच्या गुप्त युक्त्यांच्या अफवा पुढे कितीतरी वर्षे फिरत राहिल्या. त्यांतली एकही खरी नव्हती.

त्याहून खोल जातो तो १९९२ सालचा पाचवा ‘ड्रॅगन क्वेस्ट’. त्यात नायक लहानपणी वडिलांबरोबर हिंडत असतो. मुलगा शत्रूच्या हाती सापडल्यामुळे वडील प्रतिकार करीत नाहीत आणि त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात. त्यानंतर दहा वर्षांची गुलामी, मग लग्न, मुले. अशा वयात त्याला एका मायावी चित्रातून स्वतःच्या बालपणीच्या गावात जाण्याची संधी मिळते. खेळणाऱ्याला वाटते, आता झालेले सारे बदलता येईल. वडील घरातच असतात. त्यांच्याशी बोलता येते, राजवाड्याकडे जाऊ नका असे विनवता येते. समोरचा अनोळखी तरुण आपलाच मुलगा आहे हे त्यांना ठाऊक नसते; ते ऐकतात आणि जायचे ठरवतात. बाहेर अंगणात एक लहान मुलगा उभा असतो, तो स्वतःच. त्याला तो तरुण एवढेच सांगतो, की कितीही दुःख आले तरी खचू नकोस. आणि खेळणाऱ्याला आठवते, की कित्येक तासांपूर्वी, आपण लहान असताना, याच अंगणात एक अनोळखी तरुण आपल्याशी हेच बोलून गेला होता.