हरवलेलं पान

आजची आयत : सूरह अल-हुजुरात (49), आयत 6



आजच्या आयतीत अल्लाह ईमानवाल्यांना बजावतो : बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा. नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावत बसाल.

ही आयत मला पाठ आहे. तरी गेल्या आठवड्यात घसरलोच. भाचीला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली. फॅमिली ग्रुपवर मी अभिनंदन केलं आणि सोबत ती प्रसिद्ध 'हदीस' टाकली, इल्मसाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, या अर्थाची. दहा मिनिटांत चाचांचा मला वेगळा मेसेज : "बाळा, याची सनद बघितलीस का?"

खरं सांगतो, राग आला. पुढचा अर्धा तास मी सर्च करत होतो, पण शहानिशा करायला नाही. मीच बरोबर आहे असं म्हणणारं एखादं तरी पान सापडावं म्हणून! सापडलं ते शेख नासिरुद्दीन अल्बानींचं मत. त्यांनी ही रिवायत जईफ आणि मौजू हदीसांच्या आपल्या मोठ्या संग्रहात घेतली आहे, बातिल म्हणून.

मग त्यांच्याबद्दल वाचत बसलो. जन्म 1914, अल्बानियातलं श्कोदर शहर. वडील हनफी आलिम; ते लहानपणीच कुटुंबाला घेऊन दमास्कसला आले. त्यांच्याकडूनच अल्बानी घड्याळदुरुस्ती शिकले. पोट त्यावर चालायचं आणि उरलेला वेळ जाहिरिया ग्रंथालयात जायचा. तासन्‌तास. पुढे तिथे त्यांना बसायला स्वतंत्र खोली मिळाली.

एकदा डोळ्यांच्या त्रासामुळे डॉक्टरांनी काही महिने विश्रांती सांगितली. रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी इब्न अबी अद-दुन्या यांच्या एका हस्तलिखिताची नक्कल करून घ्यायला दिली. तेव्हा कळलं की मधलं एक पान गायब आहे. ते दुसऱ्याच कुठल्या तरी बाडात चुकून बांधलं गेलं असेल, म्हणून त्यांनी ग्रंथालयातली हस्तलिखितं एकामागून एक चाळायला घेतली. हजारो! ते पान शेवटपर्यंत सापडलं नाही. पण शोधताना ज्या हदीस आणि सनदी नजरेखालून गेल्या, त्या ते टिपत गेले. पुढचं आयुष्यभराचं काम त्या टिपणांवर उभं राहिलं.

मी प्रोग्रामर आहे. बग आला की कोणत्या ओळीत कुणी काय बदललं, हे मागे मागे जाऊन बघतो. सनद तपासणंही तसंच : कुणी कुणाकडून ऐकलं, दोघांची भेट शक्य होती का, रावीची स्मरणशक्ती कशी होती, तो खरं बोलणारा होता का. फरक इतकाच की इथे चूक झाली तर पैगंबरांच्या (स.) नावावर खोटं जातं.

अल्बानींवर टीकाही खूप झाली. ते बरंचसं पुस्तकांतून स्वतःच शिकले, मोठ्या उलमांशी त्यांचे वाद झाले. पण मला एक गोष्ट लागली. नवी सनद हाती आली की त्यांनी स्वतःचे जुने निर्णय बदलले, आणि छापून बदलले. जईफ म्हटलेली सहीह केली, सहीह म्हटलेली जईफ. 1999 मध्ये अम्मानला इंतकाल होईपर्यंत हे चालूच होतं.

मला साधा एक मेसेज मागे घेता येत नव्हता.

शहानिशा म्हणजे फक्त दुसऱ्याची बातमी तपासणं नव्हे, हे मला त्या रात्री कळलं. आपण चुकलेले असू शकतो, ही तयारी ठेवून शोधायला बसणं म्हणजे शहानिशा. ती तयारी नसेल तर ती नुसती वकिली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं : "कालची रिवायत साबित नाही, माझी चूक. इल्म शिकणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, ही हदीस मात्र अल्बानींनी सहीह ठरवली आहे. भाची, तीच तुझ्यासाठी." चाचांनी फक्त एक दुआ पाठवली.

आजचं काम छोटंसं : शेवटची फॉरवर्ड केलेली हदीस उघडा आणि तपासा. चुकीची निघाली तर जिथे टाकली, तिथेच सांगा.

या अल्लाह, आम्हाला हक दाखव आणि तो आमच्याविरुद्ध असला तरी मान्य करायची हिंमत दे. आमीन.

उद्या भेटू, इन्शाअल्लाह.