मुक्या जिवाची माफी

चोरी म्हटली की आपल्यासमोर दोनच माणसे उभी राहतात. ज्याचे गेले तो आणि ज्याने नेले तो. गेलेल्याने मन मोठे करून माफ केले तर प्रकरण मिटले, असे आपण मानतो. पण काही चोऱ्यांत एक तिसराही असतो. त्याच्या मालकीचे काही नसते, त्याला तक्रार करता येत नाही, आणि खरे नुकसान मात्र त्याचेच होते. घोड्याच्या चंदीची चोरी ही अशी चोरी आहे.

चंदी म्हणजे घोड्याला रोज ठरवून दिलेला दाणा. भिजवलेला हरभरा, जव, गव्हाचा कोंडा असे काहीतरी तोबऱ्यात भरून त्याच्या तोंडाला बांधतात. गवत आणि वैरण वेगळी. दाणा कमी पडला तर घोडा ओरडत नाही, फक्त रोडावतो. रोडावायला दिवस लागतात आणि तोवर चोर नामानिराळा झालेला असतो.

विठ्ठलवाडी हे कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधले स्टेशन. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. लग्नात नवरदेवाला घोडीवर बसवण्याची हौस इथल्या अनेक समाजांना आहे, त्यात आपणही आलो. घोडी लागते ती तासा-दोन तासांसाठी, पण तिला खायला वर्षभर लागते. आता एक उदाहरण घेऊ. समजा, विठ्ठलवाडीच्या आसपास पाच जणांनी मिळून एक तबेला भाड्याने घेतला. प्रत्येकाची घोडी वेगळी, प्रत्येकाची पोती वेगळी, मात्र दार एक आणि सगळ्यांत मिळून मोतद्दार एक. पावसाळा लागतो. लग्ने थांबतात, वराती थांबतात, पैसा थांबतो. एके दिवशी एका मालकाच्या लक्षात येते की आपले पोते हिशेबापेक्षा लवकर संपत आहे.

आता संशय घ्यायचा कोणावर? चोरी तीन वाटांनी होऊ शकते. मोतद्दार दाणा बाहेर विकत असेल. तोबऱ्यात हरभरा कमी आणि कोंडा जास्त घालून माप पुरे केल्याचे दाखवले जात असेल. किंवा शेजारचाच मालक आपल्या उपाशी घोडीला रात्री दुसऱ्याच्या पोत्यातले देत असेल. ही तिसरी वाट सर्वांत अवघड, कारण तिच्यात चोराची नियत वरून वाईट दिसत नाही. त्याने स्वतःसाठी काहीच घेतलेले नसते. एका मुक्या जिवासाठी दुसऱ्या मुक्या जिवाचे काढलेले असते.

कायद्याला विचारले तर तो दोन वेगळ्या खिडक्यांवर पाठवतो. चोरीचा गुन्हा भारतीय दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत आहे. तिथे प्रश्न असतो तो मालाचा: कोणाच्या ताब्यातला किती दाणा कोणी हलवला? पाच-दहा किलो हरभऱ्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार? जनावराच्या उपासमारीचा विचार १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे. पण पुरेसा चारापाणी न देणे हा तिथे मालकाचा गुन्हा आहे. म्हणजे ज्याचे पोते चोरीला गेले, तोच उद्या घोडी उपाशी ठेवल्याबद्दल जबाबदार ठरू शकतो. वरवर हे अन्यायाचे वाटते. विचार केला तर त्यात एक खरी गोष्ट आहे. घोडीला उत्तर द्यायला चोर बांधील असेल-नसेल, मालक मात्र बांधीलच आहे.

इथेच माफीचा प्रश्न येतो. आपल्याकडे तडजोडीची रीत चांगली आहे. चार जाणती माणसे बसतात, चहा होतो, मालक म्हणतो, "जाऊ द्या, गरीब माणूस आहे, मी माफ केले." तो मोठेपणा खोटा नसतो. पण त्याने नेमके काय माफ केले? पोते त्याचे होते, पोत्याचे पैसे तो सोडू शकतो. घोडीने जे उपास काढले ते माफ करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

बंद्याचा हक बंद्यानेच माफ करावा लागतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कर्ज बुडवून कोणी कितीही तोबा केली तरी सावकाराचा हक उरतोच. मग जनावराच्या हकाचे काय? सहीह मुस्लिममधल्या एका हदीसचा आशय असा की, कयामतच्या दिवशी बिनशिंगाच्या मेंढीलाही शिंगे असलेल्या मेंढीकडून तिचा बदला मिळेल. जिथे मेंढीचा मेंढीशी असलेला हिशेब सुटत नाही, तिथे माणसाचा घोडीशी असलेला कसा सुटेल? अबू दाऊदच्या संग्रहात रडणाऱ्या उंटाची हकिकत आहे. पैगंबर (स.) त्याला कुरवाळतात, त्याचा मालक कोण म्हणून विचारतात आणि तू याला उपाशी ठेवतोस, राबवून घेतोस, अशी उंटाचीच तक्रार मालकाला ऐकवतात. तेराव्या शतकातले फकीह इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी तर माणसावर असलेल्या जनावरांच्या हकांची यादीच दिली. जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याच्या चाऱ्याचा खर्च करावा, हा त्यांतला एक हक. म्हणजे चंदी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ती मालकाच्या हाती ठेवलेली घोडीची अमानत आहे. चोराने ती मालकाकडून नेली असेल, पण घेतली घोडीची.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा दाण्याचे केवढे तत्त्वज्ञान! पण घोड्याचे पोट नाजूक असते. माणसाप्रमाणे त्याला ओकता येत नाही. उपाशी राहिला तर खंगतो, आणि सवय नसताना एकदम जास्त दाणा मिळाला तर पोटशूळ उठतो, खुरांत दाह होऊन तो लंगडा होतो. म्हणजे शेजारच्या पोत्यातले काढून आपल्या घोडीला भरभरून देणारा एका घोडीला उपाशी ठेवतो आणि दुसरीला आजाराच्या तोंडी देतो. प्रेमाने केलेल्या चोरीचाही परिणाम प्रेमळ नसतो.

हा प्रश्न आजचा नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणकडे छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, आज दाणा-गवत आहे म्हणून बेफिकीर होऊन चाराल, तर भर पावसात काहीच मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग लोक कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, भाजी उचलू लागतील. सामाईक पागेतली नासाडी चोरीत कशी बदलते, हे त्या पत्राने ओळखले होते. चोरी घडण्याआधीच, व्यवस्था पाहणाऱ्यांना जबाबदार धरले होते. अकबराच्या कारभाराचे वर्णन करणाऱ्या 'आईने अकबरी'तही जनावराच्या रोडपणाच्या पायऱ्या ठरवून त्याप्रमाणे सांभाळणाऱ्यांना दंड करण्याचा नियम येतो. घोडा बोलत नाही, पण त्याच्या बरगड्या बोलतात. साक्षीदार शोधण्यापेक्षा ही साक्ष आधी वाचावी.

आता चोराकडे वळू. मोतद्दार सापडला असे समजा. सर्वांत कमी पैसे त्याला, सर्वांत जास्त वेळ घोड्यांपाशी तो, आणि वराती बंद असताना त्याचा पगार थकवणारे आपण पाच जण. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त एक प्रसंग आहे. हातिब यांच्या गुलामांनी मुझैना कबिल्यातल्या एकाची सांडणी चोरून कापली. हजरत उमर (रजि.) यांनी शिक्षेचा हुकूम दिला. मग थांबून ते हातिबना म्हणाले की, तुम्ही यांना उपाशी ठेवत असाल असे मला दिसते. सांडणीची किंमत चारशे दिरहम निघाली, आणि भरपाई म्हणून आठशे दिरहम हातिब यांनी द्यावेत असा निवाडा झाला. चोरी सिद्ध होती. तरीही चोराच्या पोटाचा प्रश्न न्यायाच्या आत आणला गेला, आणि ज्याने ते पोट रिकामे ठेवले त्याच्या खिशाला हात घातला गेला.

पण या प्रसंगाचा अर्थ, गरिबाची चोरी म्हणजे चोरी नव्हे, असा काढू नये. सांडणीच्या मालकाला भरपाई मिळालीच. करुणा दाखवली गेली, पण तिची किंमत निरपराध्याने मोजली नाही. आपल्या तडजोडीत नेमके उलटे होते. मालक उदार होतो, मोतद्दार सुटतो, थकलेला पगार थकलेलाच राहतो, आणि या सगळ्या मोठेपणाची किंमत घोडी मोजते.

आणि शेजारच्या मालकाचे काय? विठ्ठलवाडीहून कर्जतच्या गाडीने नेरळला उतरले की वर माथेरान आहे. पर्यटकांना पाठीवर नेणाऱ्या घोड्यांवर तिथली अनेक घरे चालतात. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटक थांबले, कमाई थांबली, पण घोड्यांची पोटे थांबली नाहीत. तेव्हा मदत मागितली गेली आणि बाहेरून खाद्य पोहोचवले गेले. मागण्यात कमीपणा नव्हता, कारण अडचण सगळ्यांची होती आणि सगळ्यांना दिसत होती. तबेल्यात एकट्याची अडचण असते तेव्हा मात्र मागणे जड जाते. "यंदा माझ्याकडे दाण्याला पैसे नाहीत" हे वाक्य उच्चारण्यापेक्षा रात्री पोत्यात हात घालणे सोपे वाटते. इज्जत राखण्यासाठी माणूस बेइज्जतीचे काम करतो. त्याचा दोष त्याच्यापाशी आहेच. पण जिथे मागणाऱ्याला हसतात, तिथे चोरीला आपणच जागा करून देतो.

मग करावे काय? पहिले, ज्या दिवशी तूट कळेल त्या संध्याकाळी त्या घोडीची चंदी पुरी करावी, पाचांनी मिळून. चोर कोण हे नंतर ठरेल, तिची भूक थांबणार नाही. दुसरे, नाव घेण्याआधी माप घ्यावे. पोती वजन करून ठेवावीत, रोजचा दाणा वहीत लिहावा, तोबरा मालकांपैकी कोणीतरी पाळीपाळीने पाहावा. हिशेब उघडा असला की संशयाची गरज कमी होते, आणि पुराव्यावाचून एखाद्यावर, बहुधा सर्वांत गरीब किंवा सर्वांत नव्या माणसावर, तोहमत येत नाही. बिनपुराव्याची तोहमत ही चोरीपेक्षा लहान गोष्ट नाही. तिसरे, मोतद्दाराचा पगार पावसाळ्यातही वेळेवर द्यावा आणि अडलेल्या मालकासाठी एक पोते सामाईक ठेवावे. घेणाऱ्याने सांगून घ्यावे, जमेल तेव्हा भरावे. एवढे करूनही जो चोरी करील, त्याच्याकडून भरपाई घ्यावी आणि त्याच्या हातून किल्ली काढून घ्यावी. त्यात निर्दयपणा नाही.

माफ करावे की शिक्षा करावी, असा वाद आपण घालतो, कारण दोन्हींत अखेर आपलाच मान राखला जातो. माफ केले तर आपण उदार, शिक्षा केली तर आपण न्यायी. घोडीला दोन्हींचे सोयरसुतक नाही. ती माफी देऊ शकत नाही, म्हणून तिच्या बाबतीत तोबा करण्याची एकच रीत उरते. तिच्या तोबऱ्यातून जे कमी झाले ते परत तिच्या तोबऱ्यात आले पाहिजे, आणि पुन्हा कमी होणार नाही अशी तजवीज झाली पाहिजे. ती चोराने करावी. त्याला जमत नसेल तर मालकाने करावी, आणि मालकही अडला असेल तर शेजाऱ्यांनी करावी.